नावं सरेपर्यंत

गॅसच्या गाडीचं गाणं खालच्या वळणावर वाजायला लागलं आणि नायेफच्या हातातला चहा हिंदकळला. आता गॅसच्या गाडीला कोणी घाबरतं का? अम्मानमध्ये ती रोजच येते, भोंग्यातून तेच चार सूर वाजवत टेकडी चढते, बायका खिडकीतून हात काढून हाका मारतात, आणि गाडीवाला रिकामा सिलिंडर घेऊन भरलेला देतो. त्रेचाळीस वर्षांत त्याने हे गाणं किती हजार वेळा ऐकलं असेल. पण आज समोर मोबाइलवर बासिलचा मेसेज उघडा होता, त्यात एका गेमचं नाव होतं, ‘पाण्याचा दिवस’, आणि ते नाव वाचताना बरोबर खालून ते सूर आले. दोन्ही एकदम. सहा वर्षांपूर्वीही दोन्ही असेच एकदम आले होते, आणि इतकी वर्षं ते त्याला आठवलंही नव्हतं. आत्ता आठवलं.  त्याने कप खाली ठेवला आणि मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला, जसं काही दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यात वेगळं काही निघणार होतं.

‘उस्ताद, कळलं का? ब्राझीलमधला एक पोरगा ‘पाण्याचा दिवस’ संपवून शेवटची नावं चालू असतानाच झोपी गेला. नळाच्या आवाजाने जागा झाला, बघतो तर गेम चालूच! शेवटचं नाव गेलं की पाणी येतं, उस्ताद! मिनिटभरात नळ उघडला तर पुढे चार तासांचा अख्खा दुसरा भाग. नाही उघडला तर गप्प पहिल्या पानावर परत. सहा वर्षं कुणाला पत्ता नाही! जगभर बोंबाबोंब चाललीये. गेम केलेली ती ईनास आज चारला आपल्याकडे लाइव्ह येतेय. मी बोलावलं नाही, तिनेच विचारलं. म्हणते, उस्तादांना एकच प्रश्न विचारायचाय.’

“नायेफ,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “सिलिंडर हलका लागतोय रे. गाडी आलीच आहे तर घेऊन ठेव.” तो म्हणाला, “नंतर बघू.” आई म्हणाली, “नंतर म्हणजे डाळ अर्धी कच्ची राहिल्यावर ना?” पण तो उठला नाही. गाणं वर आलं, खिडकीखाली थांबलं, एक सिलिंडर धडधडत दगडी पायऱ्या उतरला, आणि गाडी पुढच्या गल्लीत गेली. एकच प्रश्न. कुठला असणार दुसरा?

चौदा वर्षं तो गेमबद्दल बोलत होता. पहिल्यांदा हॉटेलातली रात्रपाळी सांभाळून, मग पाळी सोडून. तोंड कधी दाखवलं नव्हतं, नुसता आवाज. लोकांनीच नाव पाडलं, अबू जिर्र, बटणाचा बाप. मग अम्मानपासून दूर पश्चिमेच्या दार-अल-बैदा शहरापर्यंत अरबी कळणाऱ्या पोरापोरींना हा आवाज माहीत झाला. कारण एकच होतं, हा माणूस कुणाची भीडभाड ठेवत नाही. बाकीचे सगळे आठ गुण देऊन मोकळे होतात. दहापैकी आठ! नकाशावर दोनशे खुणा टोचून ठेवलेला, खेळणाऱ्याला क्षणभर एकटं न सोडणारा, दर दहा पावलांवर ‘आता इकडे जा, आता हे उचल’ म्हणून खांद्यावर टकटक करणारा गेम, त्यालाही आठ. का, तर कंपनीने खोक्यात घालून मूर्ती पाठवली, टोपी पाठवली. नायेफने अशा टोप्या कधी घातल्या नाहीत. ‘खेळणारा मूर्ख नाही,’ तो म्हणायचा. ‘त्याला जरा वाट बघायला लावा की. आम्ही आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची वाट बघणारी माणसं आहोत, आम्हाला वाट बघणं कोण शिकवणार?’ आपल्या लोकांनी केलेला म्हणून एखाद्या गेमला झुकतं माप द्यायचं, हेही त्याला पटत नसे. कौतुकाने पोर बिघडतं आणि गेमही. आणि प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी तो एक वाक्य म्हणायचा. चौदा वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. ‘मी अबू जिर्र, नावं सरेपर्यंत बसलो, मगच बोललो.’

नावं सरेपर्यंत. गेम संपला की पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं खालून वर जायला लागतात, कोणी चित्रं काढली, कोणी आवाज दिला, कोणी चहा आणला. सगळं जग तेव्हा बटण दाबून पुढे पळतं. नायेफ पळत नसे. का पळत नाही ते त्याने एकदाच सांगितलं होतं, चॅनलच्या पहिल्या वर्षी, ऐकणारे दीडशेही नसतील तेव्हा. त्याचे वडील दगड घडवायचे. या शहराच्या अर्ध्या टेकड्यांवरचे पांढरे दगड त्यांच्या छिन्नीखालून गेले होते. सुट्टीच्या दिवशी ते नायेफला घेऊन फिरायचे आणि बोट दाखवायचे, तो जिना माझा, ती कमान माझी, त्या बँकेची पायरी बघ, तीही माझी. नायेफ जवळ जाऊन नाव शोधायचा. नाव कुठे असणार? नाव मालकाचं असतं, नाहीतर वास्तुकाराचं. आणि घरी-दारीही वडिलांना नाव नव्हतंच म्हणा, पहिला मुलगा झाल्या दिवसापासून ते सगळ्यांचे अबू नायेफ, नायेफचा बाप. स्वतःचं नाव ते फक्त सरकारी कागदावर लिहायचे. त्या दिवशी माइकवर बोलता बोलता नायेफ म्हणाला होता, ‘माझ्या बापाचं नाव खलफ, राहणार जबल अश्रफिया, आमची ही टेकडी. मी इथे घेतलं, तेवढंच. म्हणून मी नावं वाचतो.’ पुढे त्याला स्वतःलाच ते रडकं वाटलं. ते बोलणं त्याने काढून टाकलं. वाक्य तेवढं राहिलं.

आणि तो दिवस. आता एकेक करून सगळं परत येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. त्या आठवड्यात तलवारींचा एक मोठा परदेशी गेम आला होता, सत्तर तासांचा. कंपनीने आधीच पाठवलेला, पण रिव्ह्यू गुरुवारी सहाच्या ठोक्यालाच टाकायचा, जगभर सगळ्यांनी एकदम, हा त्यांचा दंडक. जो सहाला नाही तो मेला. त्या धावपळीत मध्येच शेजारच्या झर्का शहरातल्या एका मुलीचा मेल. एकटीने चार वर्षं खपून केलाय, उस्ताद, तुम्ही बघितलात तर माझं सोनं होईल. त्याने दोन दुपारी दिल्या. वाईट नव्हता गेम. एक मुलगी, टेकडीवरचं घर, गच्चीवर टाक्या, आणि पाण्याचा दिवस. पाणी येणार येणार म्हणून ती या गच्चीवरून त्या गच्चीवर जाते, झाकणं उघडून बघते, शेजारणींशी बोलते, बादल्या मांडून ठेवते. दुसऱ्या दुपारी ती नळापाशी येऊन बसली आणि पडदा काळा झाला. नावं सुरू झाली, फार हळू. पहिलं तिचं. दुसरं कुणा बाईचं, पुढे लिहिलेलं, ‘जिने संगणक उसना दिला’. तिसरं एका पाण्याच्या टँकरवाल्याचं. एकटीच्या गेमला एवढी कसली नावं, असं त्याच्या मनात आलं. आणि तेवढ्यात खालून ते चार सूर. आई ओरडली, “नायेफ, धाव! गॅस संपलाय, भांड्यातलं अर्धंच शिजलंय!” तो रिकामा सिलिंडर घेऊन चार मजले उतरला. गाडी वरच्या वळणाला गेली होती, तिच्यामागे धावला. गाडीवाला बोलका निघाला. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आला, जोडला, हात धुतले, खोलीत आला. पडद्यावर पहिलं पान होतं. मुलगी गच्चीवर बसलेली, शेजारी रिकामी बादली.

झालं. इतकंच. त्याला काही खटकलंही नाही. आणि हेच आज सगळ्यात भीतीचं वाटत होतं. आपण उठलो होतो हे ठाऊक असून तो खोटं बोलला असता तर निदान एक खोटं बोलणारा माणूस तरी तिथे हजर असता. तिथे कोणीच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने माइक ओढला आणि म्हणाला, ‘पाण्याच्या दिवसात पाणी येतच नाही, मंडळी. गेम अर्ध्यावर सोडलाय. ईनासबाई, टाकी रिकामीच ठेवलीत की हो! चार. दहापैकी चार. मी अबू जिर्र, नावं सरेपर्यंत बसलो, मगच बोललो.’ लोक खूप हसले. ‘टाकी रिकामी’ हा शब्दच होऊन बसला. पुढे कुठलाही गेम अर्धामुर्धा निघाला की पोरं खाली लिहायची, टाकी रिकामी, टाकी रिकामी. त्यानेही तो दहा-वीस वेळा वापरला. त्या मुलीने दुसरा गेम केला नाही. ती आता झर्क्यात मुलींच्या शाळेत संगणक शिकवते, असं कुणीतरी मध्ये सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, बरं झालं, सुटली बिचारी.

अकराच्या सुमारास त्याला ती यादी आठवली. खेळाडूच्या खात्यावर यादी असते. कुठल्या गेममध्ये कुठवर पोचला, किती पदकं मिळवली, सगळं जगाला दिसतं. त्याने ती उघडली. पाण्याचा दिवस, वीसपैकी नऊ. नऊ! अकरा पदकं उरली होती, कुलूप लावलेली, आणि ती सहा वर्षं तिथेच होती, कोणीही, अगदी कोणीही येऊन बघावं अशी. त्याने पटकन यादी लपवली. लपवल्यावर वाटलं, आता लपवलेली दिसेल. परत उघडी केली. परत लपवली. बाहेर कोणी जिना चढत होतं, तर तो श्वास धरून बसला. शेजारचा होता. स्वतःच्या खोलीत, भरदिवसा, बोटाएवढ्या एका खुणेपायी आपण चोरासारखे बसलोय, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग?

साडेबाराला बासिलचा फोन आला. बासिल त्याच्या चॅनलचं सगळं बघायचा, लाइव्हही तोच चालवायचा, आणि त्याचा आवाज नेहमीच लग्नघरातून बोलल्यासारखा.

“काय माणूस आहात उस्ताद तुम्ही! सहा वर्षं! सहा वर्षं पोटात ठेवलंत? मला तरी सांगायचं!”

“काय पोटात ठेवलं?” नायेफ म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आला.

“घ्या! आता माझ्यासमोरही? अहो, सगळे तेच म्हणतायत. अबू जिर्र नावं सरेपर्यंत बसतो, म्हणजे त्याने पाणी बघितलंच असणार. आणि तरी म्हणाला पाणी येत नाही. का? तर मजा जाऊ नये! चार गुण दिले म्हणजे लोक चिडतील, स्वतः जाऊन शोधतील. काय डोकं, वा! एकाने तर लिहिलंय, ‘टाकी रिकामी’ ही खूण होती, आपणच गाढव.”

“असं लिहिलंय?”

“हजारांनी लिहिलंय! वाचा तरी. आज तुम्ही फक्त गालातल्या गालात हसायचं. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. पोरं पागल होतील.”

फोन ठेवल्यावर नायेफने खरंच वाचलं. कुठे शंका नव्हती. कुणी एकाने विचारलं होतं, बुवा उठून गेला नसेल कशावरून? तर त्याच्यावर शंभर जण तुटून पडले होते. ‘तू कोण अबू जिर्रवर संशय घेणारा?’ ‘चौदा वर्षं ऐकतोय आम्ही.’ एका बाईने लिहिलं होतं, ‘माझा मुलगा यांच्यामुळे नावं वाचायला शिकला.’ नायेफला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जगाने आपणहून दार उघडून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं. पण मानेवरून घाम उतरत होता. पकडला गेलो तर काय, एवढीच भीती सकाळी होती. आता दुसरीच भीती वर आली. पकडला गेलोच नाही तर? उरलेलं सगळं आयुष्य या शंभर जणांच्या मध्ये उभं राहून गालातल्या गालात हसत काढायचं. प्रत्येक गॅसच्या गाडीला दचकायचं. या शहरात!

जेवताना आईने विचारलं, “बरं नाही का? मसूर तसाच राहिला.” तो म्हणाला, “चारला काम आहे, त्याचा विचार चाललाय.” आई म्हणाली, “तू आणि तुझं काम. खेळायचं आणि वर नावं ठेवायची.” हे ती नेहमीच म्हणायची, थट्टेने, पण आज त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग तो हळूच म्हणाला, “आई, चार ते पाच गॅसवाला आला तर ओरडू नकोस हं.” ती म्हणाली, “सकाळीच घेतला असतास तर?” 

दोनला त्याने कपाटातून गेम खेळायचं जुनं यंत्र काढलं. जोडलं. त्याचा खेळ जिथे थांबला होता तिथेच होता, शेवटची गच्ची, नळ, मुलगी. तिला दहा पावलं चालवून नळापाशी बसवायचं, की नावं सुरू. सात मिनिटं बसलं की आपणही बघितलेले होऊ. मग हो म्हटलं तर ते अगदीच खोटं नसेल, फक्त जरा उशिराचं असेल. अंगठा बटणावर होता. आणि तेव्हाच लक्षात आलं की बघितलं तर खोटं बोलणं फार सोपं जाईल. आत काय आहे ते ठाऊक असलेला माणूस बिनधास्त हसतो. अजून बघितलेलं नाही, एवढाच एक खरेपणाचा तुकडा शिल्लक होता, तो तरी कशाला हातचा घालवायचा? आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. त्याला भीती वाटत होती की ते सुंदर असेल. चौदा वर्षं तो ओरडत होता, खेळणाऱ्यावर विश्वास टाका, वाट बघायला लावा. एका मुलीने ते ऐकलं, शब्दन् शब्द ऐकलं, आणि अख्खा अर्धा गेम त्याच्या एका सवयीच्या भरवशावर नावांच्या पलीकडे ठेवला. जगात दुसरं कोणी नाही बसलं तरी हा माणूस बसेल. त्याने यंत्र तसंच चालू ठेवलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

चारला बासिलने सुरू केलं. आकडा चढत गेला, चार हजार, सहा हजार. बासिल एका चौकटीत, दुसऱ्या चौकटीत ईनास. एकोणतिशीची, चष्मा, मागे शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. नायेफच्या चौकटीत नेहमीसारखं नुसतं बटणाचं चित्र. तिने सलाम केला. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. बासिल दहा मिनिटं कौतुक करत राहिला, ब्राझीलचं सांगितलं, कुणीही पुढचं फोडू नका म्हणून बजावलं, आणि मग म्हणाला, “हां, ईनास, तुमचा तो एक प्रश्न. होऊन जाऊ द्या!”

ती थोडी थांबली. “उस्ताद, मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय तुम्हाला. तुम्ही चार दिलेत, त्या दिवशी मी संगणक परत करून टाकला, ज्यांचा होता त्यांना. मला वाटलं, उस्तादांनी पाणी बघितलं, पुढचं सगळं खेळलं, आणि तरी म्हणाले टाकी रिकामी. म्हणजे ते इतकं वाईट आहे की त्याचं नावही घ्यावंसं वाटलं नाही. सहा वर्षं मी हेच धरून बसले होते. काल रात्रीपासून लोक म्हणायला लागले, तुम्ही गुपित राखलंत. मी रात्रभर झोपले नाही. मला फक्त सांगा, राखलंत ना? आवडलं होतं ना तुम्हाला?”

 दिवसभर नायेफने हाच प्रश्न शंभर तऱ्हांनी ऐकला होता, पण असा नाही. ती त्याला पकडायला आलीच नव्हती. ती हात जोडून एक ‘हो’ मागत होती. आणि ते किती सोपं होतं! त्याच्या तोंडून शब्द निघालेच, “हे बघा ईनास, काही गोष्टी बोलायच्या नसतात...” आणि पडद्यावर हृदयांचा पाऊस सुरू झाला, बासिलने टाळी वाजवली, आणि तिने चष्मा काढून डोळ्यांवर मनगट दाबलं. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली, “देवाशपथ, वाटलंच होतं.” ती हसत होती. 

खालच्या वळणावर ते चार सूर वाजले.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्या डोक्यातच वाजतंय. पण बासिल हसला, “उस्ताद, गॅसवाला आला तुमच्याकडे! सगळ्यांना ऐकू येतोय.” गाणं वर चढत होतं. आणि आईने, दुपारचं सगळं विसरून, स्वयंपाकघरातून चढ्या आवाजात हाक मारली, “नायेफ! धाव रे, संपलाय गॅस!” सहा हजार लोकांनी ती ऐकली. चौदा वर्षं लपवलेलं नाव असं एका सिलिंडरपायी चव्हाट्यावर आलं, आणि ते लक्षातही न येता नायेफ बोलायला लागला.

“हेच,” तो म्हणाला. “हेच वाजलं होतं. ईनास, मी गॅस आणायला गेलो होतो.”

बासिल म्हणाला, “काय उस्ताद, थट्टा—”

“गप्प बस बासिल. थट्टा नाही. नावं सुरू झाली, तीन नावं गेली, आणि हे गाणं वाजलं. मी उठलो. परत आलो तर पहिलं पान होतं. मला वाटलं संपलं. मी बसलो नव्हतो. बसलो म्हणालो, पण बसलो नव्हतो. वीसपैकी नऊ पदकं आहेत माझी, सकाळी मी यादी लपवली, आता उघडतो, बघा सगळ्यांनी. तुमचा गेम वाईट होता म्हणून नाही ईनास. मी तो बघितलाच नाही. अजूनही नाही बघितला.”

हृदयं थांबली. मग खाली इतकं आलं की वाचता येईना. त्याने वाचलंही नाही. तो फक्त तिच्या चौकटीकडे बघत होता. तिचं हसू गेलं होतं. चष्मा हातात तसाच. ती रडेल, शिव्या देईल, निघून जाईल, आणि तिने यातलं काहीही केलं तरी तिचं बरोबरच आहे, असं त्याला वाटलं. खिडकीखाली गाडी थांबली होती, गाणं जोरात वाजत होतं.

“तीनच नावं?” तिने विचारलं.

“तीनच. तिसरं टँकरवाल्याचं.”

“मग संगणक मी उगीच परत केला,” ती म्हणाली.  मग तिने चष्मा घातला. वर्गात फळ्याकडे वळण्याआधी बाई घालत असतील तसा. “यंत्र आहे जवळ?”

“चालू आहे. नळापाशीच आहे.”

“मग बसा आता. सगळ्यांसमोर. नावं सरेपर्यंत. मग पुढचं खेळा, आणि मग आकडा सांगा. खरा. वाईट वाटलं म्हणून वाढवून नको. चार असेल तर चार. पण बघून.”

त्याने खुर्ची वळवली. पडदा सगळ्यांना दिसेल असा जोडला. मुलीला दहा पावलं चालवून नळापाशी बसवलं. काळं झालं. पहिलं नाव, दुसरं, टँकरवाला. चौथं त्याने पहिल्यांदाच बघितलं, शाळेच्या शिपायाचं होतं, ‘ज्यांनी वर्ग उशिरापर्यंत उघडा ठेवला’. खाली गाडीने भोंगा दिला. आई दारात आली, झग्याला हात पुसत. “अरे, चाललाय तो! उठ ना! काय बघत बसलायस?” तो म्हणाला, “जाऊ दे आई. बस इथे.” त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती खरंच त्याच्या पलंगाच्या कडेला टेकली. गाणं हळूहळू वरच्या गल्लीत गेलं आणि विरलं. नावं चालली होती. शेजारणी, एक चुलत भाऊ, जिने आवाज दिला ती आजी, एक मांजर.  नायेफला आता वाटत होतं, पलीकडे खरंच काही नसलं तर? चार निघाले तर? या मुलीच्या तोंडावर दुसऱ्यांदा चार म्हणावं लागलं तर? आणि आज तो ते म्हणणार होता. साठावं नाव वर गेलं आणि पडदा काळा राहिला, इतका वेळ की माणूस नक्कीच उठेल. तो उठला नाही. मग अगदी खालून एक ओळ आली.

‘खलफ. दगड घडवणारे. जबल अश्रफिया.’

आईने चष्मा वर केला आणि ओठ हलवत वाचलं. “नायेफ,” ती म्हणाली, “हे नाव कोणी लिहिलं रे इथे?”

 ईनासच म्हणाली, चौकटीतून, हळू, “तुम्ही एकदा सांगितलं होतंत उस्ताद. पहिल्या वर्षी. मग काढून टाकलंत. मी लिहून ठेवलं होतं.”

ओळ वर सरकत गेली, पडद्याच्या कडेला टेकली, आणि दिसेनाशी झाली. आणि कुठेतरी खोलवर पाइप गुरगुरला, मग खोकला, आठवड्याने पाणी येतं तेव्हा घरोघर खोकतो तसा. आई सवयीने उठून उभी राहिली. “नळ, उस्ताद!” बासिल ओरडला. “मिनिट सुरू झालं!” नायेफने हातातल्या यंत्राकडे पाहिलं. चौदा वर्षं न बघता अंगठे ज्यांच्यावर पडायचे, त्यांतलं नळाचं बटण कुठलं ते त्याला आठवेना, आणि डोळे इतके भरले होते की एकही बटण दिसत नव्हतं. तो नुसता चाचपडत राहिला. पाइपात पाणी घुमत होतं आणि मिनिट चाललं होतं.